पाचवा टायर

माझ्या भाच्याने मोटारीच्या शर्यतीत भाग घेतला, हे कळल्यावर नात्यातल्या दोघी-तिघींनी मला फोन केले. "आपा, तुम्ही शिक्षिका असून त्याला परवानगी दिलीत?" परवानगीच नव्हे, टायरसाठी पैसेही दिले. प्रत्येकीला वेगळे सांगत बसण्यापेक्षा हकीकत एकदाच लिहून काढावी म्हटले.

आधी ही शर्यत कसली ते सांगते. शर्यत म्हटली की एकमेकींना खेटून धावणाऱ्या दहा गाड्या डोळ्यांसमोर येतात. ऑटोक्रॉस तसा नसतो. मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात. पोरे त्यांना कोन म्हणतात. गाडी एकटी सोडतात. कुठे दोन सोडल्या तरी त्या एकमेकींपासून लांब असतात. घड्याळ लावलेले असते. कोन पाडला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात, वाट चुकली तर ती फेरी गेली. गाडी दुसऱ्या गिअरच्या वर फारशी जातच नाही. हेल्मेट, पट्टा, सुरू होण्याआधी गाडीची तपासणी आणि फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेचे लायसन्स, एवढे सगळे लागते. हे ऐकून माझी बहीण म्हणाली, "म्हणजे परीक्षाच की." मला ते पटले.

आता परवानगी का दिली, ते. तीन वर्षांपूर्वी बडी रातला हाच भाचा मित्राच्या बाइकवर मागे बसून मरीन ड्राइव्हला गेला होता. त्या रात्री मुंबईत काय चालते ते या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. इबादतीची रात्र, आणि आपली पोरे बिनहेल्मेटची, एका बाइकवर तिघे. दर वर्षी उलेमा आवाहन करतात, पोलीस नाकाबंदी करतात, तरी जाणारे जातातच. बाइक जप्त झाली, भाचा पहाटे कोपर सोलून घरी आला. त्याचे वडील आखातात नोकरीला. बहीण रडत होती. मी त्याला काहीच बोलले नाही, कारण मला बोलता येईना. ज्याला वेगाची ओढ आहे त्याला "घरात बस" एवढेच सांगून भागत नाही, हे वीस वर्षे वर्गात उभी राहून मला कळले आहे. म्हणून दोन वर्षांनी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा संपवून, पहिल्या पगाराचे पैसे साठवून तो ऑटोक्रॉसचे नाव घेऊन आला, तेव्हा मी आधी नियम वाचले आणि मग हो म्हटले.

मला टायरमधले काय कळते, असा प्रश्न पडेल. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. पण मी मिस्त्रीची मुलगी आहे. मरहूम अब्बांचे काम गिरगावात, खोताच्या वाडीच्या तोंडाशी चाले. दुकान कसले, एक पत्रा आणि त्याखाली हत्यारांची पेटी. ऑपेरा हाऊसच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने, त्यामुळे सामान हाकेच्या अंतरावर. वाडीतल्या लाकडी घरांतल्या ईस्ट इंडियन आणि गोवेकर मंडळींच्या गाड्या अब्बांकडे येत. वाडीच्या गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी आत जायची पंचाईत. मालक वरच्या गॅलरीतून ओरडायचे आणि अब्बा रस्त्यावर गाडीचे बॉनेट उघडायचे. शाळा सुटली की मी पेटीजवळ बसून अभ्यास करी आणि पाना-स्क्रू ड्रायव्हर हातात देत असे. १७ नंबरचा पाना कुठला हे मला पाढ्यांच्या आधी यायचे.

अब्बांचे एक गिऱ्हाईक पुढे दोस्तच झाले. आम्ही मुले त्यांना अंकल म्हणायचो, अजूनही म्हणतो. बाहेरून जिना असलेले त्यांचे दुमजली घर अजून उभे आहे. शेजारची काही घरे पाडून टॉवर झाले. तरुणपणी हे दोघे जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती बघायला जायचे. त्या काळी तिथे शर्यती होत. तिथे कोणाच्या गाडीचे कुठले चाक आधी घसरले, यावर दोघे म्हातारपणीही वाद घालायचे.

अंकलचे वय आता ऐंशीच्या पुढे. त्यांची २०१३ची स्विफ्ट जवळजवळ उभीच असायची. अकरा वर्षांत २२,००० किलोमीटर. भाच्याचे कळल्यावर त्यांनी गाडी अगदी माफक किमतीला देऊ केली. चावी हातात देताना त्याला म्हणाले, "टायर कुठले घालायचे ते तुझी खाला सांगेल." आणि माझ्याकडे न बघता, "बाय, तू बघ गो."

मी गेले आणि बघितले. टायरची नक्षी अगदी खोल, जणू कालच बसवलेत. भाचा खूश. "खाला, टायर तर नवेच आहेत. यांचे पैसे वाचले." मी वाकून बाजूच्या रबरावरचे आकडे शोधले. प्रत्येक टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होते ०८१३. म्हणजे २०१३ सालचा आठवा आठवडा. चारही तेच, आणि डिकीतली स्टेपनीही तीच. नख दाबले, रबर दबेना. बाजूला केसासारख्या बारीक भेगा. टायर धावून झिजतो तसा उभ्या उभ्याही म्हातारा होतो. ऊन लागते, हवा लागते, रबरातला मऊपणा जातो. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, दिसायला कितीही चांगला असला तरी, काढून टाकावा, असे टायर कंपन्याही सांगतात. कायदा नक्षीची खोली बघतो. ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर बाद. पण या टायरची नक्षी त्याच्या कितीतरी पट होती आणि तरी तो बाद होता. हे भाच्याच्या गळी उतरायला आठवडा लागला.

कारण त्याच्या डोक्यात दुसरेच गणित होते. त्याचे ३० हजार आणि माझे १५, असे ४५ हजार रुपये होते. कुर्ल्याला सीएसटी रोडवर त्याने १६ इंची अलॉय बघून ठेवले होते, सेकंडहँड, वापरलेल्या टायरसकट ३८ हजारांत. उरलेल्या पैशांत मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. पुढे पैसे आले की गाडी दोन इंच खाली बसवायची. मोबाइलवर त्याने अमेरिकेतल्या ऑटोक्रॉसचे पन्नासएक व्हिडिओ पाहिले होते, त्यांतली प्रत्येक गाडी जमिनीला चिकटलेली आणि चाके रुंद.

मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. स्विफ्टच्या टायरवर लिहिले होते १६५/८० आर १४, ८५ टी. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १४ ही रिमची इंच. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर, त्यात वर आणि खाली १३२ मिळवले की पूर्ण चाक ६१९.६ मिलिमीटर. ८५ हा वजनाचा अंक, एक टायर ५१५ किलो पेलतो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालेल. भाच्याने निवडलेला होता १९५/५५ आर १६. त्याची भिंत १०७ मिलिमीटर, पूर्ण चाक ६२०.९. चाकाची उंची जवळजवळ तेवढीच राहते, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. एवढे गणित त्याने बरोबर केले होते, आणि त्याबद्दल मी त्याला पूर्ण मार्क दिले.

मग विचारले, "मैदान कसले आहे?"

"नाशिकजवळचे. मुरमाचे."

"आणि अमेरिकेतले?"

तो गप्प झाला. तिथले ऑटोक्रॉस बहुतेक डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणावर होतात, मोठ्या पार्किंगमध्ये, जुन्या विमानतळांवर. तिथे मऊ, चिकट रबर लागते. टायरवर झिजेचा एक अंक असतो, तो जितका कमी तितके रबर साधारणपणे मऊ. एससीसीए या तिथल्या संस्थेने रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्गासाठी तो किमान २०० असावा असा नियम घातला आहे, नाहीतर लोक एका दिवसात संपणारे टायर घालून येतील. आपल्या मुरमावर त्या चिकटपणाचा काय उपयोग? वरचा भुसभुशीत थर बाजूला सारून खालच्या कडक जमिनीला धरायचे, तर नक्षीचे ठोकळे मोठे आणि खाचा मोकळ्या हव्यात. रबराची भिंत उंच हवी, म्हणजे दगडावर आपटले तर धक्का ती खाईल. २५ मिलिमीटर भिंत कमी केली की तो धक्का रिमला. आणि गाडी खाली बसवली तर तिचे पोट मुरूम नांगरत जाणार. रॅलीसाठी मुद्दाम बनवलेले टायर आपल्याकडेही मिळतात, एमआरएफ बनवते. पण ते महाग आणि रोजच्या रस्त्यासाठी नव्हेत. हीच गाडी सोमवारी त्याला कामावर न्यायची होती.

अब्बा म्हणायचे, गाडी चार पंजांवर उभी असते. तळहाताएवढे रबर, असे चार तुकडे. इंजिनची ताकद, ब्रेकचा जोर, स्टिअरिंगचा हुकूम, सगळे जमिनीपर्यंत पोहोचते ते या चार तळहातांतून. ते सैल असले तर वरचे सगळे फुकट. सायलेन्सरबद्दल मी वाद घातलाच नाही. एवढेच म्हटले की त्या आवाजाने घड्याळ मागे जात नाही, आणि पोलिसांचा दंड वेगळा.

शेवटी तो अलॉयवरून खाली आला. पण म्हणाला, "चार घेतो. स्टेपनी कोण बघते? तिथे तर ती काढूनच ठेवायची असते." ते खरे होते. शर्यतीआधी गाडीतले सगळे सुटे सामान, जॅक, पायपुसणी, स्टेपनी बाहेर काढतात. वजन कमी होते आणि वळणावर काही आदळत नाही. पैसा न लागणारी सुधारणा म्हणजे हीच. पाचव्या टायरचे चार हजार वाचले तर सायलेन्सर नाही तरी एखादा एअर फिल्टर तरी येईल, हा त्याचा हिशेब.

तेव्हा मी त्याला ते सांगितले, जे आमच्या घरात फारसे बोलले जात नाही.

१९८८ चा पावसाळा. मी नऊ वर्षांची होते. अंकलकडे तेव्हा प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, ५.२०-१४ मापाच्या नायलॉन टायरवरची. अंकल आणि आंटी पुण्याला एका लग्नाला निघाले होते आणि निघतानाच एक चाक बसलेले आढळले. पंक्चरवाला अजून आला नव्हता. अब्बांनी स्टेपनी काढली. ती किती जुनी होती हे त्यांना ठाऊक होते. अंकलनी विचारले, "चालेल ना?" अब्बा म्हणाले, "पुण्यापर्यंत चालेल. तिथे बदलून घ्या." खंडाळ्याच्या घाटात तो टायर फुटला. गाडी कठड्याला घासत थांबली. अंकलला खरचटलेही नाही. आंटींचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आणि नंतर कधी पूर्ण सरळ झाला नाही. त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, ते बंद झाले.

अंकल परत आले ते थेट अब्बांच्या पत्र्याखाली. मी तिथेच होते. त्यांनी अब्बांना काही म्हटले नाही. गाडी कधी उचलून आणायची एवढेच विचारले. आंटींनी त्या ईदला नेहमीसारखी आमच्याकडची शिरखुर्म्याची वाटी घेतली, डाव्या हाताने. त्यानंतर अब्बांनी एकाही गिऱ्हाइकाच्या बाबतीत "चालेल" हा शब्द वापरला नाही. गिऱ्हाइके चिडायची, काही दुसरीकडे गेली. आमच्या घरात पैसा कधी टिकला नाही, त्याचे हेही एक कारण असावे.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पाच घेऊ."

पाच टायर, मूळच्याच मापाचे, मोकळ्या नक्षीचे, सगळ्यांच्या आठवड्याचे आकडे त्याने स्वतः दुकानात वाकून वाचले. दुकानदाराने आधी काढलेल्या पाचांतला एक दोन वर्षांपूर्वीचा निघाला, तो त्याने परत करून दुसरा मागितला. मला फार बरे वाटले. पाचांचे मिळून २१ हजार झाले. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग केले. पुढचे ब्रेक पॅड नवे, आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदलले, कारण ते हवेतले पाणी ओढून घेते आणि या गाडीत ते वर्षानुवर्षे तसेच होते. एका शॉकॅबमधून तेल गळत होते म्हणून जोडी बदलली. सीटवर बसायची पद्धत फुकटात सुधारली. खुर्ची थोडी पुढे, पाठ ताठ, मनगट स्टिअरिंगच्या वर टेकेल इतके अंतर. लायसन्स आणि प्रवेश फी भरून चार हजार उरले. ते मी त्याला पेट्रोलला ठेवायला सांगितले.

डिसेंबरात आम्ही पहाटे निघालो. कसारा घाट चढताना मी नेहमीप्रमाणे आयतुल कुर्सी म्हटली. गाडी वळणांवर शांत होती.

मैदानावर आधी सगळे चालक वाट पायी चालून बघतात. मीही त्याच्याबरोबर चालले. एक बाई बुरख्यात कोन मोजत चाललेली बघून दोन मुले हसली, पण एकाने खुर्ची आणून दिली. तपासणीवाल्याने चाकांचे नट, बॅटरीची पट्टी, ब्रेक आणि टायर बघितले. मग भाच्याने मला विचारले, "खाला, खडू आणलात?"

आणला होता, शाळेतला पांढरा. टायरच्या कडेला, जिथे नक्षी संपून भिंत सुरू होते, तिथे आडव्या रेघा ओढायच्या. फेरी झाली की खडू कुठपर्यंत पुसला गेला ते बघायचे. भिंतीपर्यंत पुसला तर टायर वळणावर लोळतोय, हवा कमी आहे. कडेच्या आधीच थांबला तर हवा जास्त. मुरमावर हे डांबराइतके स्वच्छ दिसत नाही, धुळीने सगळे लाल होते. तरी पहिल्या फेरीनंतर फुंकर मारून धूळ उडवली, तर पुढच्या डाव्या टायरवरची रेघ पार भिंतीपर्यंत गेलेली. कोणीतरी सांगितले म्हणून त्याने हवा २६ पाउंडांवर आणली होती. इतकी उतरवली की ट्यूबलेस टायर रिमवरून सुटायचीही भीती. पुढची पुन्हा ३० केली. मी प्रत्येक टायरवर नव्या रेघा ओढल्या, फळ्यावर ओढते तशा.

पहिल्या फेरीत दोन कोन पडले होते आणि वेळ दंड धरून दोन मिनिटांच्या जवळ. दुसरीत एकही कोन नाही, १ मिनिट ४६ सेकंद. त्यातला काही भाग नुसत्या हवेचा नव्हता. आधीच्या गाड्यांनी वरचा थर झाडून नेल्याने वाट टणक झाली होती, आणि तो स्वतः पहिल्यापेक्षा सावकाश वळत होता. वर्गातल्या १९ गाड्यांत त्याचा नंबर अकरावा. ज्याचा पहिला आला त्याची गाडी रंग उडालेली जुनी एस्टीम होती. भाचा त्याच्या चाकांपाशी उकिडवा बसून बराच वेळ बोलत होता.

मी खुर्चीवर, पायाशी आमची नवी कोरी स्टेपनी. या शब्दाची मोठी मौज आहे. वेल्समधल्या लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर एका कंपनीने मोटारीचे जादा चाक बनवले, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला. अशीच जिमखान्याची गोष्ट. मरीन ड्राइव्हच्या इस्लाम जिमखान्यात आपण लग्नाच्या दावतीला जातो, पण कोनांभोवती गाडी फिरवण्याच्या कसरतींनाही जगभर जिमखानाच म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियात तर मोटरखाना. हा खाना आपल्या दवाखान्यातला, कारखान्यातला, फारसी. भाच्याला हे सांगितले तर म्हणाला, "खाला, आज सुट्टी आहे."

मरीन ड्राइव्ह म्हटल्यावर तो थोडा थांबला. त्याच्या त्या बाइकवाल्या मित्राला पुढच्या वेळी घेऊन येतो म्हणाला, नुसते बघायला. मी म्हटले, हेल्मेट घालून आण.

संध्याकाळी परत निघण्याआधी अंकलना फोन लावला. मला वाटले नंबर विचारतील, वेळ विचारतील. जुहूच्या शर्यतींतली चाके आठवणारा माणूस. तिकडून खोकल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही.

"बाय, पाचवा पण नवा घेतला ना?"

"घेतला, अंकल."

"मग घाटात सावकाश या," म्हणाले आणि फोन ठेवला.